पहिलीतल्या मुलीला हॅलोविनची गोष्ट लिहायची आहे, मदत कशी करू? (सातारा)

आधी लिहायला बसवूच नका, बोलू द्या. ती सांगेल तसं तुम्ही उतरवून घ्या, वाक्यं सुधारायचा मोह आवरा. ३१ ऑक्टोबरला भोपळा कोरून आत दिवा लावतात, मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात, एवढी माहिती पुरे. मग विचारा: भूत राहतं कुठे? घाबरतं कशाला? त्याला हवंय काय? खरी मेख शेवटच्या प्रश्नात आहे. समजा, मंगळवार तळ्याजवळच्या पिंपळावरचा मुंजा भोपळा डोक्यात घालून कंदी पेढे मागायला आला, आणि दार उघडलं आजीने! आता आजी काय म्हणेल, हे मुलीलाच ठरवू द्या. रात्री दचकत असेल तर मुंजालाच अंधाराची भीती वाटते असं करा. शुद्धलेखन नंतर बघू.