खासगीपणा आणि अभिव्यक्ती: अभ्यासाची सुरुवात कुठून करावी

युरोपीय मानवी हक्क करारातील कलम ८ (खासगी जीवनाचा हक्क) आणि कलम १० (अभिव्यक्तीचा हक्क) यांपैकी वरचढ कोणते, असे तुम्ही विचारले आहे. नवख्यांची नेहमीची चूक या प्रश्नातच आहे. या करारानुसार खासगी जीवन आणि अभिव्यक्ती हे दोन्ही हक्क सारख्याच मोलाचे आहेत, म्हणून ठाम नियम शोधण्याऐवजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तोल कसा साधला ते पाहा.

त्यासाठी मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिन यांच्या प्रकरणांतील दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. बाजारहाट, घोडेस्वारी अशा निव्वळ खासगी क्षणांच्या छायाचित्रांपासून जर्मनीने त्यांना पुरेसे संरक्षण दिले नाही, असे या न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले. २०१२ मध्ये मात्र त्यांच्या स्कीइंगच्या सुट्टीचे छायाचित्र छापू देण्यात कलम ८ चा भंग दिसला नाही, कारण सोबतची बातमी त्यांचे वडील, म्हणजे सत्तेवरील राजपुत्र रेनिए यांच्या आजारपणाची होती.

वाचताना एवढेच तपासा:

- मजकुराने सार्वजनिक चर्चेत भर पडते का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.
- व्यक्ती किती प्रसिद्ध आहे आणि तिचे आधीचे वर्तन कसे होते?
- माहिती वा छायाचित्र कसे मिळवले?

लोकांचे कुतूहल म्हणजे लोकहित नव्हे, आणि प्रसिद्ध माणसालाही खासगीपणा असतो. भारतीय कायदा लगेच यात मिसळू नका: आपल्या राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधने घालण्याच्या कारणांची जी यादी आहे, तिच्यात खासगीपणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे खासगीपणावरचे सर्वोच्च न्यायालयाचे १९९४ चा राजगोपाल आणि २०१७ चा पुट्टस्वामी हे निकाल नंतर सवडीने, स्वतंत्रपणे वाचा.