वाचकांचे प्रश्न : जालन्याच्या छावणीतला पक्षीवेडा डॉक्टर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेते. बाकीच्या वाचकांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल.

प्रश्न : माझी नात छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. करते. पक्ष्यांवरच्या एका जुन्या इंग्रजी ग्रंथात ‘जौलना’ असं गावाचं नाव येतं, ते तिनं मला दाखवलं. हे आमचंच जालना का? असेल तर तो लेखक इथं कशाला आला होता? – एक निवृत्त तलाठी, जालना

होय दादा, तुमचंच जालना. इंग्रजांनी ते तसं लिहिलं.

ग्रंथकर्ता बहुधा थॉमस कॅव्हरहिल जर्डन. जन्म १८११चा, इंग्लंडात डरहॅमजवळ, शिक्षण एडिंबराला. ईस्ट इंडिया कंपनीचा असिस्टंट सर्जन म्हणून तो १८३६ साली मद्रासला उतरला. पहिली नेमणूक गंजामकडे, तापाच्या आणि हगवणीच्या मुलखात. १८३७ मध्ये त्याची बदली मद्रासच्या दुसऱ्या घोडदळात झाली आणि त्या घोडदळासोबत तो जालन्याला आला. मुलूख निजामाचा, छावणी कंपनीची. पुढची चारेक वर्षं त्यानं दख्खनवर काढली. शिपायांची तब्येत पाहणं हे त्याचं पगाराचं काम. पाखरं हे त्याचं स्वतःचं काम. त्यासाठी त्याला कुणी पैसे देत नव्हतं की हुकूम करत नव्हतं.

त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगत असे. जमवलेली पाखरं ओळखायची कशी? जवळ ग्रंथालय नाही, ताडून पाहायला संग्रहालय नाही. म्हणून त्यानं पक्ष्यांची कातडी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डिन या नामांकित पक्षीतज्ज्ञाकडे पाठवली. सुएझचा कालवा व्हायला अजून तीसेक वर्षं होती, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात. पेट्या पोचल्या तेव्हा आत कसर लागली होती. इतक्या मेहनतीचा माल किड्यांनी खाल्ला.

दुसरा असता तर छंद सोडून देता. जर्डननं ठरवलं की यापुढं ओळख आपली आपणच पटवायची. हाताशी असेल तेवढ्या पुस्तकांवर आणि स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून त्यानं यादी केली आणि ती ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’मध्ये १८३९-४०च्या सुमारास छापली. तीत ४२० जाती होत्या. त्याच्या आधी कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सनं मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात, १८२४ ते १८३१ अशी सरकारी पाहणी करता करता, पक्षी जमवले होते आणि १८३२ साली त्यांची यादी दिली होती. जर्डननं ती जवळजवळ दुप्पट केली. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं! मला या माणसाचं मोठेपण इथं दिसतं. दूरच्या मोठ्या माणसाच्या शिक्क्याची वाट पाहत तो बसला नाही.

पुढं नेल्लूर, तेल्लिचेरी, सागर अशा बदल्या होत राहिल्या. गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंगनं त्याला खास कामावर नेमून मोकळीक दिली, तेव्हा ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला. हजारावर जातींचं वर्णन त्यात आहे. १८६७ मध्ये सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ आला आणि १८७२ मध्ये तो वारला.

आता नातीसाठी. तिला म्हणावं, जर्डनच्या लिखाणात जिथं जिथं जौलना येतं तिथली नोंद वहीत उतरवून घे. पक्षी कोणता, ऋतू कोणता, माळावर दिसला की तळ्यावर. मग त्या प्रत्येक पक्ष्याला आज जालना, बदनापूर, अंबड, परतूर या तालुक्यांत शोध. माळढोक आणि तणमोर सापडणार नाहीत, याची तयारी ठेवूनच निघ. चंडोल, धाविक, टिटवी अजून आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची नोंद आपल्या जिल्ह्याची मिळते, हे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांना आहे. यावर प्रबंध झाला तर त्याची प्रत मला हवी आहे.

प्रश्न : त्या काळी फ्रिज नव्हता, मग मेलेली पाखरं महिनोन् महिने कशी टिकायची? – अकरावी विज्ञान, परभणी

मांस टिकत नाही ग. टिकते ती कातडी आणि पिसं. म्हणून आतलं सगळं काढून टाकायचं.

पक्षी बारीक छऱ्यानं टिपायचा, म्हणजे पिसांची चाळण होत नाही. लगेच चोचीत आणि जखमेत कापूस कोंबायचा, नाहीतर रक्तानं पिसं चिकटतात. मग पोटावर एक उभा छेद द्यायचा आणि मोजा उलटा काढावा तशी कातडी सोलत मानेपर्यंत न्यायची. कवटी, चोच, पाय आणि पंखांची हाडं कातडीला तशीच ठेवायची. मेंदू आणि डोळे काढायचे. ओल शोषायला पीठ किंवा खडूची पूड भुरभुरायची. आतून सोमलाचा साबण चोळायचा. सोमल म्हणजे जहर, पण तेच किड्यांना आवरतं. बेकर नावाच्या एका फ्रेंच औषधविक्यानं अठराव्या शतकात हा साबण बनवला: सोमल, साबण, कापूर, चुना आणि क्षार. शेवटी कापूस भरून, शिवून, सावलीत वाळवायचं. मोठ्या पक्ष्याला अर्धा दिवस जातो, आणि उन्हाळ्यात हात भराभर चालले नाहीत तर कातडी सडून पिसं गळतात. जहरात हात घालणाऱ्यांच्या नखांखाली आणि बोटांवर जखमा व्हायच्या, हेही लक्षात ठेव.

यानंतरचं काम सर्वांत छोटं आणि सर्वांत महत्त्वाचं: पायाला चिठ्ठी बांधायची. गाव, तारीख, नर की मादी, कुणी टिपला. मी जिथं शिकवलं तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात पेंढा भरलेला एक सुंदर नीलपंख होता. चिठ्ठी नव्हती. तो मराठवाड्यातला की केरळातला, १९५०चा की १९८०चा, काही सांगता येत नव्हतं. विज्ञानाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि त्या जिवाचा जीव मात्र गेला होता.

प्रश्न : हजारो मुके जीव मारणाऱ्यांचं आम्ही मुलांना कौतुक का सांगायचं? – शिक्षिका, गेवराई, जि. बीड

बाई, प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

मारणं ते मारणंच. पण मारणाऱ्यांत फरक करावा लागतो. तुमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजानं १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारले. ती निव्वळ शिकार. त्याचं कौतुक कुणीही सांगू नये. जर्डननं मारलेल्या पाखरामागं एक नोंद उरली, आणि ती नोंद आज त्याच जातीच्या कामी येते.

उदाहरण त्याच्याच नावाच्या पाखराचं देते. जर्डनला पूर्व घाटाच्या बाजूला एक धाविक मिळाला, एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञानं १८४८ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. १९०० नंतर तो कुणाला दिसेना. संपला असंच सगळे धरून चालले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) भारत भूषण आंध्रात कडप्प्याकडे गावोगाव त्याचं चित्र दाखवत हिंडले. १९८६च्या जानेवारीत ऐतण्णा नावाच्या स्थानिक फासेकऱ्यानं रात्री बॅटरीच्या उजेडात तो जिवंत धरला. ते एक पाखरू जगलं नाही, पण जात जिवंत आहे हे कळलं आणि तिच्यासाठी अभयारण्य झालं. आणि २०१३ साली स्कॉटलंडात ॲबर्डीनच्या विद्यापीठ संग्रहालयात एक अंडं सापडलं. १९१७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे एका गुरांच्या डॉक्टरनं ते मिळवलं होतं. लंडनच्या संग्रहातल्या जुन्या कातडीशी डीएनए ताडून पाहिला, तेव्हा ते याच धाविकाचं ठरलं.

आता माझी खरी तक्रार सांगते, ती मारण्याइतकीच मोठी आहे. पाखरू कुठं बसतं, केव्हा उतरतं, कोणत्या झुडपाखाली अंडी घालतं, हे साहेबाला कोण सांगत होतं? नेल्लूरला असताना जर्डननं यानादी या आदिवासी लोकांकडून तिथल्या जीवसृष्टीची माहिती घेतली. त्याच्या सुंदर चित्रग्रंथासाठी भारतीय चित्रकारांनी कुंचला चालवला. पाखराला नाव मात्र जर्डनचं. आपल्याकडचे फासेपारधी बघा. तितर, लावा, ससा यांची वाट त्यांच्याइतकी कुणाला कळते? त्या लोकांच्या माथी सरकारनं गुन्हेगार जमात हा शिक्का मारला, तो कायद्यातून जायला १९५२ उजाडलं आणि लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हा मुलांना जर्डन जरूर सांगा, पण ऐतण्णाचं नाव त्याच दमात सांगा. वर्गात पारध्याचं लेकरू असेल तर पाखरांच्या तासाला त्यालाच पुढं बोलवा.

प्रश्न : पाखरं-किडे जमवणारे हे लोक श्रीमंत असायचे का? खर्च कोण करायचं? – किनवट, जि. नांदेड

बरेचसे नोकरदार होते. डॉक्टर, लष्करी अधिकारी, कलेक्टर. पगारातून भागवायचे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचं तसं नव्हतं. तो गरीब घरचा, आणि पोट संग्रहावरच चालवायचा. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं तो मलाय बेटांत हिंडला, एक लाख पंचवीस हजारांवर नमुने जमवले. त्यांत ऐंशी हजारांहून जास्त भुंगेरेच! लंडनमध्ये सॅम्युअल स्टीव्हन्स हा त्याचा दलाल एकाच जातीचे जास्तीचे नमुने विकून पैसे पाठवी. त्याआधी ॲमेझॉनहून परतताना, १८५२ साली, भर समुद्रात जहाज पेटून त्याचा बहुतेक संग्रह जळाला होता. स्टीव्हन्सनं विमा उतरवून ठेवला होता म्हणून तो सावरला. न्यू गिनीत काळ्या मुंग्या त्याच्या टेबलावरून वाळत घातलेले किडे ओढून न्यायच्या. आपल्याकडं जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तोच उपाय हे संग्राहकही करत.

त्याच्यासोबत अली नावाचा, बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा तरुण होता. स्वयंपाकी म्हणून आला, बंदूक चालवायला आणि कातडी सोलायला शिकला. १८५८ मध्ये बाचान बेटावर पांढरी लांब पिसं खांद्यावर उभारणारा एक नवाच स्वर्गपक्षी अलीनं टिपून आणला. त्याला नाव वॉलेसचं मिळालं. वॉलेसनं मात्र पक्षी अलीनं आणला हे स्वतः लिहून ठेवलं, म्हणून आज मी ते तुम्हाला सांगू शकते.

प्रश्न : मला फुलपाखरं आणि पाखरांची अंडी जमवायची आहेत. सुरुवात कशी करू? – इयत्ता आठवी, लातूर

अंडी आणि घरटी यांना हात लावायचा नाही, बाळा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि काही फुलपाखरंही त्या कायद्याखाली येतात. तू नोंदी जमव. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, त्यात आपला मराठवाडाही होता. त्यांना बंदूक लागली, तुला लागणार नाही.

शंभर पानी वही घे. रोज एकच जागा निवड. घरामागचं लिंबाचं झाड चालेल, शाळेचं कुंपण चालेल. तारीख, वेळ, ऊन की ढग, काय दिसलं, किती दिसले, काय करत होते. नाव माहीत नसेल तर चित्र काढ आणि आजीला विचार. ती जे नाव सांगेल ते तिच्या नावासकट लिही. पेन्सिलीनं लिही, पावसात शाई पसरते. महिनाभराची पानं झाली की झेरॉक्स काढून माझ्याकडे पाठव, मी वाचून परत करीन.