'शरदः शतम्' आणि पानगळ

एका वाचकताईंचा प्रश्न आहे: "आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेवर 'जीवेत् शरदः शतम्' छापायचं ठरलंय. पण शरद म्हणजे ऑटम, म्हणजे पानगळ ना? उतारवयातल्या माणसाला शंभर पानगळी चिंतायच्या? वसंत का नाही?"

ताई, खुशाल छापा. फक्त 'त्'चा पाय मोडा आणि 'शरदः'चा विसर्ग गाळू नका.

शाळेत आपण ऑटम म्हणजे शरद असं पाठ करतो आणि ऑटमच्या चित्रातली पिवळी पानं शरदाला चिकटतात. आपला शरद आश्विन-कार्तिकातला. त्या दिवसांत सासवडजवळ माझ्या मामांच्या बागेत चला. हस्ताचा पाऊस नुकताच सरलेला, बांधावर कमरेएवढं गवत, पारिजातकाखाली सडा, आणि सीताफळं तोडणीला आलेली. मामा फळ हातात धरून खवल्यांमधल्या फटी बघतात. त्या रुंदावून पिवळसर दिसल्या की म्हणतात, "डोळे उघडले," आणि मगच देठ कापतात. झाडं पानांनी भरलेली असतात. ती उघडी पडतात थंडी सरताना, माघ-फाल्गुनात. पानगळीचा ऋतू म्हणायचा तर तो शिशिर.

आता शंभर शरदच का? एका ऋतूच्या नावाने अख्खं वर्ष मोजायची रीत जुनी आहे. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे आपण आजही ऐकवतो. 'वर्ष' हा शब्दच पावसाचा. 'शताब्दी'तला 'अब्द' म्हणजे पाणी देणारा, ढग. ऋग्वेदात 'शतं हिमाः', शंभर हिवाळेही मागितले आहेत. तुमचा वसंतसुद्धा राहिलेला नाही. दहाव्या मंडलात आजाऱ्याला बरं करण्यासाठी म्हटलेल्या सूक्तात ओळ आहे: 'शतं जीव शरदो वर्धमानः शतं हेमन्ताञ्छतमु वसन्तान्'. शंभर शरद, शंभर हेमंत, शंभर वसंत. तरी रोजच्या तोंडी टिकला तो शरद. मला वाटतं, पावसाळा निभावून पीक हाती आल्यावरच माणसाला वर्ष पदरात पडल्यासारखं वाटत असावं.

या शब्दाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. 'सालाबादप्रमाणे'मधला 'साल' आपण फारसीतून घेतला. पण तो शरदाचा सख्खा भाऊ! प्राचीन इराणी भाषांत वर्षाला जो शब्द होता, पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात म्हणजे अवेस्तेत 'सरद्'सारखा, तो आणि संस्कृत 'शरद्' एकाच मुळाचे. पुढे फारसीत 'र्द'चा 'ल' झाला आणि 'साल' उरलं. संस्कृत 'हृद्' आणि फारसी 'दिल' यांचं नातंही अगदी असंच. तिकडे ऋतू विसरला गेला, नुसतं वर्ष राहिलं; आपल्याकडे ऋतू राहिला आणि वर्ष आशीर्वादापुरतं उरलं. मामांकडच्या सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, ऐन वसंतात, तरी त्या शब्दाच्या पोटात शरद आहेच.

पत्रिकेवर जागा असेल तर मी वरच्या ओळीचा पहिला अर्धाच छापेन: 'शतं जीव शरदो वर्धमानः'. 'वर्धमानः' म्हणजे वाढत राहून. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना वाढत राहा म्हणणारा हा शब्द माझ्याच्याने तरी गाळवणार नाही.