फ्रान्सची व्हूव्रे वाइन भेट मिळाली आहे. लेबलवर 'दोमेन युएत, ल मों, देमी-सेक' असं लिहिलंय. ती कशी चाखावी, आणि नाशिकच्या शेनिन ब्लाँहून ती वेगळी कशी?

भेट देणाऱ्याला जाण आहे असं दिसतं! तुम्ही दिलेल्या लेबलनुसार ही दोमेन युएत या मळ्याची 'ल मों' नावाच्या जमिनीतली, देमी-सेक, म्हणजे निमगोड वाइन. मी ही व्हूव्रेतच चाखली आहे, त्यामुळे थोडं अधिकारानं सांगतो.

द्राक्ष तेच, शेनिन ब्लाँ. पण नाशकात ते जानेवारी ते मार्चच्या उन्हात पिकतं. लुआर नदीकाठी, तूर शहराजवळच्या व्हूव्रेत, ते गारठ्यात रेंगाळत ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहतं. म्हणून त्यातला आंबटपणा टिकतो. नाशिकची बहुतेक शेनिन ताजी, फळाळ, लवकर पिऊन टाकायची. ही मात्र चांगल्या वर्षाची असेल तर वीस-तीस वर्षंही सहज काढते.

युएत कुटुंबानं हा मळा १९२८ मध्ये घेतला. गास्तों युएत पुढे अनेक वर्षं गावाचे महापौरही होते. वेगवान रेल्वे द्राक्षमळ्यांवरून न्यायचा घाट घातला तेव्हा त्यांनी दंड थोपटले, आणि शेवटी गाडी बोगद्यातून, मळ्यांच्या खालून गेली. २००३ पासून मळा ह्वांग कुटुंबाकडे आहे. तिथल्या तीन प्रसिद्ध जमिनींपैकी ल मों ही गारगोटीमिश्रित मातीची. माझ्या मते तिघींत हीच सर्वांत ताठ, मोकळी व्हायला वेळ घेणारी.

आता चाखण्याचं. आपल्याकडे व्हाइट वाइन दात शिवशिवतील इतकी गार देतात. त्यात हिचा वास मिटून जातो. १० ते १२ अंश पुरे, म्हणजे फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं. त्याआधी तासभर जगमध्ये ओतून ठेवता आली तर फारच छान. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, निरुपद्रवी.

पेला तिसरा हिस्साच भरा आणि प्यायच्या आधी नुसता हुंगा. पेअर, भाजलेलं सफरचंद, मध... आणि मागून एक विचित्र वास येईल, पावसात भिजलेल्या घोंगडीचा. बाटली खराब झाली म्हणून ओतून देऊ नका. शेनिनची ती जुनी ओळख आहे, आणि मला तर तीच सर्वांत आवडते.

वाइन निमगोड आहे, त्यामुळे पहिल्या घोटात गोडवा जाणवेल, पण तो गिळेपर्यंत आंबटपणा त्याला खेचून नेतो आणि तोंड स्वच्छ होतं. याच ओढाताणीकडे लक्ष द्या. गोडवाच मागे उरला तर पेय बहुधा कोमट झालंय. नुसताच आंबटपणा बोचला तर अजून फार गार आहे किंवा वाइन तरुण आहे. लेबलवरचं वर्ष अगदी अलीकडचं असेल आणि धीर असेल, तर पाच-सात वर्षं थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. मुंबई-पुण्यातल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर मात्र नको, त्यापेक्षा आताच प्या.

सोबत? तिकडे बकरीच्या दुधाचं चीज देतात. घरी नारळाच्या रसातली, कमी तिखट कोलंबी करा. तांबडा रस्सा त्या दिवशी राहू द्या, मिरचीपुढे हिचं काही चालणार नाही. उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा जास्त खुललेली असते.