टीव्हीवरचा गेम घ्यावा का?

प्रश्न: आमच्या अप्पांना दोन महिन्यांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू. काठी घेऊन चालतात आता, पण हात नीट उठत नाही, बोटं आखडलेलीच. जळगावला फिजिओथेरपीला नेतो तिथे टीव्हीसमोर हातात रिमोट देऊन बॉलिंगचा गेम खेळवतात, त्यात ते मस्त रमतात. भाऊ म्हणतो तसा सेट घरीच घेऊ, रोजचं एसटीने जाणं-येणं होत नाही. पण खर्च मोठा आणि कापसाचे पैसे अजून हातात नाहीत. काय करावं?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर: ताई, पैसे घालू नका. गेम वाईट म्हणून नाही, मी स्वतः पेशंटना खेळवते. दहा वेळा हात उचला म्हटलं की कंटाळणारा माणूस गेमच्या नादात पन्नास वेळा उचलतो. लकव्यात मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण आजूबाजूचा भाग त्याचं काम शिकतो आणि ते पुन्हा पुन्हा करूनच. पहिले काही महिने यासाठी फार मोलाचे, म्हणून तुम्ही आत्ताच विचारलंत ते बरं झालं.

पण हे काम साधे पत्तेही करतात! २०१६ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, कॅनडासकट चार देशांतले १४१ पेशंट, सगळे लकवा होऊन तीन महिन्यांच्या आतले. निम्म्यांना निन्टेंडो वी म्हणजे असेच हातात रिमोट धरून टीव्हीवर खेळायचे गेम दिले, निम्म्यांना पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा जेंगा असं काही, दोन आठवड्यांत तासाभराची दहा सेशन, नेहमीचे व्यायाम दोघांनाही चालूच. हात दोन्हीकडे सुधारले, गेमवाले पुढे गेले नाहीत.

माझ्याकडे एक काका यायचे, गेममध्ये स्कोअर रोज वाढायचा पण पाण्याचा पेला काही धरता येईना. नीट बघितलं तर खांदा वर उचलून अख्खं अंग झोकून ते बॉल टाकत होते, रिमोटला तेवढा झटका पुरतो, पॉइंट मिळतो, आणि बोटं तर रिमोटभोवती मिटलेलीच, उघडायची वेळच येत नाही. पत्ता उचलायचा तर अंगठा न् बोट जवळ यावंच लागतं.

अखाजीला आपल्याकडे डाव बसतातच, अप्पांनाही येत असतील. तर शेजारची दोन माणसं बोलवा, अप्पांना पाठ टेकून खुर्चीत बसवा, पत्ता उजव्याच हाताने. आधी उचलता येणार नाही, मग टेबलावर टॉवेल अंथरा किंवा पत्ता कडेपर्यंत सरकवून धरू द्या. डाव नसेल तेव्हा लसणाच्या पाकळ्या एका वाटीतून दुसरीत टाकायला द्या, मग भुईमुगाच्या शेंगा फोडायला.

एक मात्र घरात सगळ्यांना बजावा, उठवताना त्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा सांध्यातून सरकतो. खांदा दुखला तर डाव तिथेच थांबवा. जळगावला जाणं अगदी बंद करू नका, आठवड्यातून एकदा तरी न्या, आणि पत्ते खेळतानाचा व्हिडिओ काढून तिथल्या फिजिओला दाखवा, खांदा कुठे उचलतात ते त्यांना लगेच दिसेल.