अंगणवाडीचा दर्जा पालकांनी ओळखावा कसा?

प्रश्न : आमची साडेतीन वर्षांची मुलगी गावातल्या अंगणवाडीत जाते. इमारत नुकतीच रंगवली आहे, भिंतींवर मुळाक्षरे आणि प्राणी काढले आहेत, आहारही वेळेवर मिळतो. मात्र तिथे पाटीवर काही लिहून घेत नाहीत, मुले नुसती खेळतात, अशी घरच्यांची तक्रार आहे. तालुक्याच्या इंग्रजी बालवर्गाची गाडी दारात येते आणि तिथली मुले एबीसीडी लिहून दाखवतात. मुलीला तिकडे घालावे का? अंगणवाडी चांगली आहे की नाही, हे कशावरून ओळखावे?
— एक आई, जि. सातारा

उत्तर : साडेतीन वर्षांची मुलगी लिहीत नाही, यात काळजीचे काहीही नाही. या वयात बोटांचे आणि मनगटाचे स्नायू पेन्सिल पेलण्याइतके तयार नसतात. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, वाळूत बोट फिरवणे यांतूनच ते तयार होतात. पायाभूत स्तरासाठीचा (तीन ते आठ वर्षे वयासाठीचा) 2022 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळातून शिकण्यावरच भर देतो. महाराष्ट्राला तर ही वाट जुनीच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आणि पुढे सहकारी अनुताई वाघ यांच्या साथीने जवळच्या कोसबाडला जे काम उभे केले, त्यात पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरत आणि आसपास मिळणाऱ्या वस्तू हेच शिकण्याचे साहित्य असे.

घरच्यांच्या तक्रारीतला ‘नुसती’ हा शब्द मात्र तपासून पाहायला हवा. त्यासाठी सेविकाताईंना आधी सांगून एखाद्या सकाळी तासभर कोपऱ्यात बसा. खेळणी आणि ठोकळे मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर आहेत, की हरवले तर हिशेब कोण देणार या धास्तीने कपाटात कुलूपबंद आहेत, हे पाहा. भिंतीवरची चित्रे मुलांच्या नजरेच्या उंचीवर आहेत का, आणि त्यांत मुलांनी स्वतः काढलेले एखादे तरी आहे का, तेही पाहा.

सर्वांत जास्त लक्ष बोलण्याकडे द्या. समजा, एखादी मुलगी चिंचोके वेगळे करताना फुटके तेवढे बाजूला ठेवते आहे. ताई तिच्याजवळ बसून ‘हे इकडे का ठेवलेस?’ असे विचारतात आणि ती उत्तर देईपर्यंत थांबतात. ‘ते आजारी आहेत,’ असे उत्तर आल्यावर ‘मग आता त्यांना काय द्यायचं?’ असा पुढचा प्रश्न येतो. एवढ्या दोन-तीन वाक्यांत वर्गीकरण, भाषा आणि कल्पना यांचे जे शिक्षण होते, ते तीस मुलांनी एका सुरात शंभरपर्यंत आकडे म्हणून होत नाही. सकाळभर असे एकही संभाषण कानावर पडले नाही, तर रंगवलेल्या भिंतींचा फारसा उपयोग नाही, असे मी स्पष्टच म्हणेन.

त्याचबरोबर सेविकेची अडचणही समजून घ्या. वजन-उंचीच्या नोंदी, ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी मोबाइल अ‍ॅपमध्ये माहिती भरणे, गृहभेटी आणि शिधावाटप हे सारे तिच्याच अंगावर असते. लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाविषयीच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते सहा वयोगटातील वीस मुलांमागे एक मोठी व्यक्ती आणि तीस मुलांसाठी किमान 35 चौरस मीटरची खोली असावी, असे म्हटले आहे. आपल्या अंगणवाडीत हे प्रमाण किती आहे, ते मोजून ग्रामसभेत मांडा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्यातून बुटक्या फळ्या, सतरंज्या, पाणी आणि लहान मुलांना वापरता येईल असे शौचालय मागता येते. शौचालयाची मागणी आधी करा, कारण ते नसेल तर लहान मुले लघवी दाबून बसतात किंवा मधूनच घरी निघून येतात.

हीच तपासणी त्या खासगी बालवर्गातही करा. बाकावर बसून अक्षरे गिरवणे आणि घरी कोणी बोलत नाही अशा भाषेत ऐकत राहणे, एवढेच तिथे होत असेल, तर रोजचा गाडीचा प्रवास आणि फी देऊन मुलीच्या पदरात काही पडणार नाही. अंगणवाडीत मुलांशी बोलणारी ताई असेल, तर मुलीला तिथेच ठेवा. ताई वरचेवर गैरहजर असतील किंवा खेळणी कुलपातच राहत असतील, तर आधी पर्यवेक्षिकेला भेटा आणि फरक पडला नाही, तर चार पालकांच्या सह्यांचा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या.