यिडिश लोकसंगीतातून आलेलं आजचं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांसाठीचं संगीत, ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

संगीतकार ओस्वाल्दो गोलिहोव यांच्या 'द ड्रीम्स अँड प्रेअर्स ऑफ आयझॅक द ब्लाइंड'पासून, अगदी निःशंकपणे. १९९४ची ही रचना क्लॅरिनेट आणि स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठी आहे. गोलिहोव अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात ज्यू कुटुंबात वाढले. प्रार्थनागीतं, क्लेझमर आणि अर्जेंटिनाचे संगीतकार पियाझोला यांचा टँगो हे सगळं लहानपणापासून त्यांच्या कानावर होतं.

क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या यिडिश भाषक ज्यूंचं लग्नसमारंभातलं वाद्यसंगीत. त्यात क्लॅरिनेट हुंदका देतं, सूर मध्येच तुटतो, घसरतो. सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या) गायकाच्या गळ्यातली ही लकब वाद्यात उतरली आहे. म्हणून या रचनेत नुसता सफाईदार क्लॅरिनेटवादक पुरत नाही, ही लकब अंगात मुरलेला लागतो. दुसऱ्या भागात एक जुनी क्लेझमर नृत्यधून येते, ती शांत बसून ऐका.

क्रोनोस क्वार्टेट आणि क्लॅरिनेटवादक डेव्हिड क्राकाउअर यांचं ध्वनिमुद्रण मला सर्वांत प्रिय आहे. त्यानंतर थोडं मागे जाऊन रशियन संगीतकार शोस्ताकोविचचं १९४४चं दुसरं पियानो त्रिकूट (पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठीची रचना) ऐका. त्याच्या शेवटच्या भागातली ज्यू नृत्यधून अंगावर येते.